अर्जातला रिकामा पत्ता

कंपनी: मर्यादित.
मालक: एकच. वॉल्टर, अमेरिकन, वय पंचाहत्तर.
पत्ता: ________

ह्वे शहरातल्या थ्वाआजीने भाडेकरारावर सही केली की मी, वॉल्टरचा वकील, कंपनी नोंदणीच्या अर्जात तिच्या घराचा पत्ता भरणार होतो.

"मागच्या विहिरीला अजून पाणी आहे ना?" वॉल्टरने मोडक्या व्हिएतनामीत विचारलं. मागचं अंगण त्याला कुणी दाखवलंच नव्हतं.

आजी उठली. अडुसष्ट साली अमेरिकन सैन्याशी झालेल्या लढाईत गेलेल्या भावाच्या फोटोपुढे तिने उदबत्ती लावली, दोन नाणी हातात घेतली. "एक छापा, एक काटा पडला तर दादा 'हो' म्हणाला."

बशीत एक छापा पडला, एक काटा.

"मिळालं घर!" वॉल्टरने हसत पेन पुढे केलं.



"घराचं कुठे विचारलं, साहेब? मी विचारलं, दादा, विहिरीपाशी तुला गोळी घालणारा हाच का?"