उशिराचा ठोका

माझ्या ताशावर अख्खं पथक ढोल वाजवतं, आणि शर्वरीच्या मोबाइलमधला हा गेम मला दर ठोक्याला 'अर्ली' म्हणून हिणवतो! लेक गेल्यापासून रोज खेळतोय. तिचं आवडतं गाणं एकदा तरी न चुकता पूर्ण करायचं होतं. हळूहळू जमायला लागलं. ठोका आला की जरासं थांबायचं, मग बोट टेकवायचं. परवा सरावात माझा ताशा पहिल्यांदाच मागे पडला, पोरं वळून बघायला लागली. तरी गेम सोडला नाही.

आज तिची मैत्रीण मृण्मयी आली होती. तिच्यासमोरच गाणं एकही चूक न होता संपलं. मी खुशीत तिच्याकडे पाहिलं, तर तिचे डोळे भरलेले.

"काका, तुम्ही आधीपासून बरोबरच वाजवत होतात. शेवटी शेवटी तिची बोटं उशिरा पडायची ना, म्हणून हॉस्पिटलमध्ये मीच गेमचं टायमिंग उशिराचं करून दिलं होतं. द्या, नीट करते."

मी मोबाइल छातीशी धरला.

"राहू दे गं. आत्ता कुठे तिच्याबरोबर वाजवायला जमतंय."