कानात किती वेळ

"आजच्या दिवस तो चौकोन काढ ना," यज्ञेश म्हणाला. "हर्षद येऊन गेला की परत लाव."

मृणालिनीने भिंतीवरच्या टीव्हीकडे पाहिलं. मुलुंडच्या त्यांच्या क्लिनिकचा सगळा कारभार हल्ली त्या पडद्यावर दिसायचा. ती कान तपासून श्रवणयंत्रं बसवायची. जागेपासून जाहिरातीपर्यंत बाकीचं सगळं तिचा नवरा यज्ञेश बघायचा. डॅशबोर्डही त्यानेच हौसेने बनवून घेतला होता. किती मशीन विकली, किती नवे पेशंट आले, किती जण नुसती चौकशी करून गेले. तिन्ही चौकोन हिरवेगार. चौथा तिने काल लावला होता. लोक मशीन दिवसातून किती वेळ कानात घालतात, याचा. मशीन स्वतःच ते टिपून ठेवतं, फक्त आजवर कोणी ते काढून पाहिलं नव्हतं.

चौथा चौकोन लालभडक होता.

"अर्ध्याहून जास्त मशीन डबीत पडून आहेत," ती म्हणाली.

"आपण विकली, त्यांनी घेतली. घालायची की नाही, तो त्यांचा प्रश्न."

"दागिना आहे का तो, लॉकरमध्ये ठेवायला?"

"मृणाल, घाटकोपरची शाखा आज ठरायचीय. वाट लावू नकोस, यार."

हर्षद मशीन बनवणाऱ्या कंपनीचा अधिकारी होता. त्याने मान डोलावली की नव्या शाखेचा अर्धा खर्च कंपनी उचलणार होती. यज्ञेशने जागाही बघून ठेवली होती, आणि तिथल्या तपासणीच्या खोलीचा रंग मृणालिनीनेच पसंत केला होता. तिने रिमोट उचलून त्याच्या हातात दिला.

तेवढ्यात विमलाताई आल्या, मुलाबरोबर. सुयोगने चार महिन्यांमागे आईला मशीन घेऊन दिलं होतं.

"एकदम झकास चाललंय, मॅडम," तो म्हणाला. "आई आता टीव्हीचा आवाजपण वाढवत नाही."

मृणालिनीने मशीन कॉम्प्युटरला जोडलं. संध्याकाळचा जेमतेम एक तास. बाकी दिवसभर बंद. तिने पडदा हळूच आपल्याकडे वळवला आणि खुर्ची विमलाताईंच्या जवळ ओढली.

"आजी, त्रास होतो का घातल्यावर?"

विमलाताईंनी आधी मुलाकडे बघितलं, मग पदराशी चाळा केला.

"ऐकू येता गो. पण कुकराची शिट्टी वाजली की डोक्यात टाचणी घुसता. भांडा पडला तरी तसाच. म्हणान हो सुयोग घराक येता तेव्हाच घालतंय."

"आई! मग मला का नाही बोललीस?"

"तू इतक्या हौसेन घेतलंस. कसा सांगू?"

दारात यज्ञेश उभा होता. रिमोट त्याच्या हातातच होता.

मृणालिनीने कॉम्प्युटरवरून तीक्ष्ण आवाज खाली आणले, मशीन पुन्हा विमलाताईंच्या कानात बसवलं आणि टेबलावरचा स्टीलचा चमचा लादीवर टाकला. खणकन आवाज झाला. विमलाताईंनी सवयीने डोळे घट्ट मिटले, खांदे वर ओढले. मग एक डोळा उघडला. मग दुसरा.

"चमचो पडलो," त्या म्हणाल्या. "नुसतो चमचोच पडलो!"

आणि स्वतःच वाकून त्यांनी तो उचलला, पुन्हा एकदा खाली टाकून बघितला.

मायलेक गेले, आणि थोड्या वेळाने हर्षद आला. मृणालिनी चहा सांगून बाहेर आली तेव्हा तो टीव्हीसमोर उभा होता. चौथा चौकोन जागच्या जागी होता.

"हे लाल काय आहे?" हर्षदने विचारलं.

तिने तोंड उघडायच्या आत यज्ञेश बोलला. "आम्ही विकलेली मशीन लोक घालत नाहीत. का घालत नाहीत, ते आजपासून विचारणार आहोत."

"हे दुसरं कोणी लावत नाही, माहितेय ना?"

"माहितेय."

हर्षदने चहा संपवला. तो माणूस वाईट नव्हता. घाटकोपरचं मात्र यंदा जमणार नाही, म्हणाला. वरच्यांना लाल रंग चालत नाही. या आकड्याचं पुढे काय होतं ते मला जरूर कळवा, असंही जाताना जिना उतरता उतरता म्हणाला.

दार लागलं.

"चिडलास?" मृणालिनीने विचारलं.

"चिडलोय." मग तो हसला. "पण त्या आजी कशा बघत होत्या गं चमच्याकडे."

त्याने खुर्ची टेबलाशी ओढली आणि फोन स्पीकरवर टाकला. ज्यांनी मशीन नेल्यापासून एकदाही तोंड दाखवलं नव्हतं, त्यांच्यापासून सुरुवात करायची असं ठरलं. पहिला नंबर भांडुपच्या दशरथकाकांचा. बराच वेळ रिंग वाजली.

"काका, नमस्कार. क्लिनिकमधून यज्ञेश बोलतोय. मशीन घालता ना रोज?"

"कोण?"

"यज्ञेश! मशीन घालता का, मशीन?"

"मोठ्यानं बोला हो! काय ऐकू येत नाय!"

यज्ञेशने फोनवर हात ठेवला आणि बायकोकडे पाहिलं.

"आपल्याकडचं सगळ्यात महागडं मशीन यांनीच नेलंय," तो म्हणाला. मग घसा खाकरून, खुर्चीतून उठून, जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.