विंडोजवालाच दे

सूड उगवायला निघालेल्या लेखिका मावशींच्या पिशवीत शस्त्र एकच होतं: लिनक्स भरलेला पेनड्राइव्ह. तो खुपसून त्यांनी दुकानातला एकूण एक लॅपटॉप तपासला. वायफाय सापडतंय का, झाकण मिटल्यावर झोपतो का. एक आवडला. दुकानदार म्हणाला, “मावशी, विंडोज नकोय ना? हाच कोरा घ्या, स्वस्त पडेल.” “विंडोजवालाच दे.” “अहो, पुसणारच ना तुम्ही?” “पुसायला मिळावं म्हणूनच!” गेल्या वर्षी कादंबरीस्पर्धेच्या शेवटच्या दिवशी जुन्या लॅपटॉपमधल्या विंडोजला अपडेट करायचं आठवलं, ‘कृपया प्रतीक्षा करा’ म्हणत त्याने दिवसभर ताटकळवलं आणि तयार कादंबरी स्पर्धेला मुकली. मावशींनी तेव्हाच डूख धरला. खरेदी झाली. पेनड्राइव्हने विचारलं: ‘विंडोज पुसून लिनक्स बसवायचं?’ मावशींनी बटणाकडे नेलेलं बोट मागे घेतलं. “चहा मागव रे,” ऐसपैस बसत म्हणाल्या, “याला दिवसभर प्रतीक्षा करू दे.”