गळतीचे दिवस

“भांग उजवीकडून पाडत जा, म्हणजे डावीकडची विरळ जागा झाकली जाते. ऋतू बदलला की केस गळायचेच,” असं माझ्या सासूबाई सांगायच्या. पस्तीस वर्षं मी तसाच भांग पाडते.

आज पूजा आटोपून सुनेच्या केसांना तेल लावायला बसले. मुलगा अंघोळीला गेला होता. मी बोटाभोवती गुंतवळ गुंडाळू लागले, तशी ती म्हणाली, “गळतीचे दिवस आहेत हो, आई. शेजारीण म्हणते, कांद्याचा रस लाव. त्या वासानं नवरा जवळ तरी येणार नाही!” आणि हसली.

मला हसू आलं नाही. बाकी डोकं दाट होतं, फक्त कानामागे बाटलीच्या बुचाएवढी जागा मोकळी होती. तिथे बोट लागताच ती अंग चोरून बसली.

“गळती डोकंभर होते गं. कधीपासून ओढतो तो?”

“हळू बोला ना, आई. ऐकतील ते.”

मी माझा अंबाडा सोडला आणि डावी बाजू तिला दाखवली. “माझेही कधी गळले नाहीत.”

ती बघतच राहिली. “मग तुम्ही निघून का नाही गेलात?”

“दाराशी सासूबाई बसायच्या.”

तिनं न्हाणीघराच्या दाराकडे पाहिलं.

“तुला तुझ्या आईकडे पोचवते. शब्द देते तुला.”

न्हाणीघरात पाणी अजून वाजत होतं. मी तेलाचे हात पुसले, दोघींच्या चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता कडी काढली.