ओळखीचा माणूस

उमरखेडच्या शाळेतून दुसरीतली रेवा एका परक्या माणसाच्या गाडीवर बसून निघाली. बसस्थानकाजवळ शेजारच्या जमीरभाईंनी तिला पाहिलं आणि गाडी अडवली. माणूस गाडी टाकून पळाला.

पोलीस ठाण्यात वैजयंतीनं लेकीला छातीशी घट्ट धरलं होतं. "अनोळखी माणसासंग जायचं नाही, सांगतलं होतं ना तुले? काहून गेली?"

"तो अनोळखी नव्हता, आई. त्याले माह्यं लाडाचं नाव माहीत होतं, आपल्या मांजरीचं बी. आजी दवाखान्यात आहे, हे बी माहीत होतं."

"त्याले कोणं सांगतलं?"

"तूच. त्यानं मले मोबाइलमधी तू नेटवर टाकलेले सगळे व्हिडिओ दाखवले."

महिला हवालदार हळूच म्हणाल्या, "ताई, लेकराची माहिती घ्यायले कंपनीले आईबापाची परवानगी लागते, असा कायदा आला. पण आईबापच टाकून राह्यले, तर आम्ही कोणाले अडवावं?"

नवऱ्याला फोन लावायला वैजयंतीनं मोबाइल समोर धरला.

रेवानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"हे नको टाकू ना, आई."