पिकलेलं ऊन

"मावशी, ते बुजगावणं जरा हलवता येईल का? फोटोत डोंगराच्या बरोबर मध्ये येतंय."

शेखर कापडणीसांनी भीत भीतच विचारलं. शेत कुसाबाईंचं, भात पिकत आलेलं, आणि आपण नाशिकहून येऊन टपकलेले. म्हातारी खेकसणार, अशी त्यांची खात्रीच होती.

कुसाबाईंनी त्यांना नखशिखान्त न्याहाळलं. "किती दिस राहणार?"

"मनासारखं ऊन मिळेपर्यंत."

"मंग काढते की!" म्हातारीने बुजगावणं उपटलं, खांद्यावर टाकलं आणि पलीकडच्या सहादूच्या शेताकडे चालती झाली.

कापडणीस गहिवरले. नाशकात दारापुढची स्कूटर हलव म्हटलं तर लोक अंगावर येतात. आणि ही माउली! वर राहायला घराची पडवीही दिली.

सुरगाण्याच्या त्या डोंगरावर कापडणीसांची सगळी अब्रू टांगलेली होती. नोकरी पाटबंधारे खात्यात, जीव मात्र कॅमेऱ्यात. छायाचित्रांच्या दिवाळी स्पर्धेत त्यांना सलग तीन वर्षं 'उत्तेजनार्थ' मिळालं होतं. यंदा निघताना बायकोने, प्रतिभाने, निर्वाणीचंच सांगितलं होतं, "पहिला नंबर आला नाही, तर कॅमेरा माझ्या भावाला. तो निदान लग्न-बारशांचे तरी फोटो काढेल."

आणि रोलमध्ये उरली होती एकच फ्रेम! बाकीच्या पस्तीस फ्रेम्स साहेबांनी वणीच्या घाटात ढगांवर उधळल्या होत्या. तसला रोल सुरगाण्यात शोधूनही मिळेना.

पहिल्या संध्याकाळी डोंगर पिवळा झाला. कापडणीसांचं बोट बटणावर गेलं.

"थांबा, थांबा," कुसाबाई मागून म्हणाल्या. "हे कच्चं ऊन. पिकू द्या."

"ऊन पिकतं?"

"भात पिकतं, मंग ऊन का नाय पिकणार? चार दिस दम धरा. आन असं मुक्यानं उभं राहू नका. आमचा डोंगर हाळी दिल्याबिगर उजळत नाय. हात वर करून द्यायची, लय जोरात."

कापडणीसांच्या अंगावर काटा आला. असलं ज्ञान कुठल्या पुस्तकात मिळतं का सांगा!

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून त्यांनी बांधावर ठाण मांडलं. डोक्याला लाल टोपी, गळ्यात कॅमेरा. दर पाच मिनिटांनी दोन्ही हात वर, आणि "होऽऽ! हाऽऽ!" दुपारी घसा बसला, तर कुसाबाईंनी एक गंजका डबा आणून दिला. "हा बडवा. डोंगराला डबा बी चालतो." मग त्या खुशाल बाजाराला गेल्या. तिसऱ्या दिवशी लेकीकडे जाऊन आल्या. जाताना मात्र नागलीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा न चुकता ठेवून जायच्या. कापडणीसांना आपली आई आठवली.

एवढी शांतता त्यांनी जन्मात अनुभवली नव्हती. पाखरूसुद्धा फिरकत नव्हतं. त्यांनी डायरीत लिहिलं, 'निसर्ग माझ्यासाठी श्वास रोखून उभा आहे.' मग उठून पुन्हा डबा बडवला.

तिसऱ्या संध्याकाळी डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत केशरी झाला. कापडणीसांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"मावशी, काढू?"

कुसाबाईंनी लोंबीतला एक दाणा दाताखाली धरून पाहिला. "अजून दोन दिस."

कापडणीसांनी काळजावर दगड ठेवला आणि कॅमेरा खाली घेतला. तपश्चर्या म्हणजे आणखी काय असतं?

पाचव्या दिवशी सकाळीच सहा बाया विळे घेऊन आल्या आणि दुपारपर्यंत शेत रिकामं झालं. कुसाबाईंनी कंबर सरळ केली, पदराने घाम पुसला आणि डोंगराकडे हात केला.

"घ्या दादा. पिकलं ऊन."

कापडणीसांना ते जरासं मळकट वाटलं. एक ढगही आडवा आला होता. पण आपली नजर शहरातली, आपल्याला काय कळतंय! त्यांनी श्वास रोखला आणि बटण दाबलं. शेवटची फ्रेम संपली.

ते कुसाबाईंच्या पायाच पडले. "मावशी, पहिला नंबर आलाच म्हणून समजा. तुमचे उपकार कसे फेडू?"

"फेडले की तुम्ही," कुसाबाई संकोचून म्हणाल्या.

पडवीत बसून कापडणीस सामान आवरत होते. प्रतिभाला काय काय सुनवायचं, याची मनात उजळणी चालली होती. तेवढ्यात अंगणात कोणाची तरी चाहूल लागली. खांद्यावर बुजगावणं घेऊन सहादू आला होता.

"काकू, हे तुझं घे माघारी," तो म्हणाला. "माझं भात अजून आठ दिस उभं हाय. आता ठरल्यापरमानं ते हाळी देणारं मला दे."