सरांचं अर्थिंग

चाळीस वर्षं विज्ञान शिकवून वायरमनला बोलवायचं म्हणजे नाक कापून घेणं! म्हणून चौथ्या मजल्यावरच्या घरी नवी डिश बसली, तेव्हा तिचं अर्थिंग सरांनी स्वतःच केलं. तार ओल्या मातीत खोल खुपसली, तिथे रोज तांब्याभर पाणी घातलं आणि जिन्यात भेटेल त्याला पकडून वीज जमिनीत कशी उतरते यावर व्याख्यान झोडलं.

तरीही डिशला हात लागला की झिणझिण्या यायच्याच. शेवटी बायकोनेच वायरमन बोलावला. तो नेमका सरांचा जुना विद्यार्थी निघाला. तारेचा माग काढत तो बाल्कनीतल्या गुलाबापाशी येऊन थांबला आणि डोकं खाजवत म्हणाला,



“सर, नववीच्या सहामाहीत मी आकृतीतली तार अशीच कुंडीत सोडली होती, तेव्हा तुम्ही मला भोपळा दिला होता.”